बायकांचा चढ

सहावारी पातळावर बांधलेलं बॉनेट... फुलाफुलांच्या चादरीच्या उरलेल्या कापडातून परतवाड्याच्या शिंप्यानं शिवलेलं, हनुवटीखाली नाडीची गाठ असलेलं ते टोपडं आईच्या डोक्यावर डिसेंबरच्या उन्हात असं काही दिसत होतं, की तिचं तिलाच हसू आवरेना. "तान्ह्या लेकराले घालते तसं घातलं मले," ती म्हणाली आणि लोटगाडीची दोरी तिनं खांद्यावर घेतली. तिची आठवण निघाली की आधी ते टोपडं येतं, मग दोरी, मग डोंगराच्या पायथ्याची ती वाट — फुटलेल्या कापसाची, वाळत चाललेल्या तुरीच्या वासाची, ओठांवर बसणाऱ्या धुळीची.

आम्ही मॉर्मन, ख्रिश्चनांमधल्या एका पंथाचे. म्हणजे बाबा, आणि त्यांच्यामागून मी. अमरावतीत आमची मंडळी इतकी थोडी, की प्रार्थनेला भाड्याचा एक हॉलही मोठा वाटायचा. फार पूर्वी अमेरिकेत या पंथाचे गरीब लोक, बैलघोडे परवडत नव्हते म्हणून, सगळा संसार हातगाड्यांवर लादून ओसाड माळरानं तुडवत गेले. थंडीनं, भुकेनं वाटेत कितीतरी मेले. त्यांची आठवण म्हणून मुलांना त्या काळचे कपडे घालायचे आणि गाड्या ओढत चालवायचं, ही आमच्या पंथाची रीत. आमच्या गाड्या भाजीवाल्यांकडून आणलेल्या. कितीही धुतल्या तरी फळ्यांना कांद्याचा वास. वर पिठाची पोती, सतरंज्या, पाण्याच्या कॅन.

मी पंथाच्या पत्रकांवर वाढले. बाबा बसस्टँडवर वाटायचे, उरलेली गठ्ठ्यानं घरी यायची. शाईच्या त्या उग्र वासातच मी वाचायला शिकले आणि जे वाचलं ते खरं धरून चालले. एका पत्रकात होतं, की मरणानंतरही कुटुंब एकत्र राहतं. पण सगळ्यांनी बाप्तिस्मा घेतलेला हवा. आईनं घेतला नव्हता. ती भातकुलीकडच्या शेतकरी घरातली, तिचे देव तिच्या देव्हाऱ्यात. आमच्यात चहा वर्ज्य, आणि ती रोज सकाळी आलं ठेचून चहा करायची. बाबा नुसती खिडकी उघडायचे... मेल्यावर आम्ही दोघं एकीकडे आणि ही एकटी दुसरीकडे — तेरा वर्षांच्या मला याहून मोठं भय नव्हतं. ही वाट चालली की तिचं मन वळेल, असं बाबांना वाटत होतं. मलाही. ती मात्र "पोरीसंगं कोनी बाई पायजे" एवढ्याचसाठी आली होती.

दुपार झाली तेव्हा सगळ्यांचे पाय भरून आले होते. गाणी केव्हाच थांबली होती, चाकांची करकर तेवढी उरली होती. समोर चढ आला, आणि आमचे पुढारी ब्रदर मोहोड यांनी पुरुषांना नि मुलग्यांना बाजूला बोलावलं. इथं एक रीत असते. एकदा पंथाचे पुरुष लढाईवर गेले होते, मागं बायकांनीच गाड्या ओढल्या, म्हणून चढावर पुरुषांनी टोप्या काढून दोन्ही अंगांना उभं राहायचं. बोलायचं नाही. हात लावायचा नाही.

कुणीतरी हरभऱ्याला सोडलेलं पाणी वाटेवर आलं होतं. काळ्या मातीत चाक रुतलं. आई पुढून दोरी ओढत होती, मी मागून खांदा लावला होता. बाबा माझ्यापासून हातभर अंतरावर — टोपी छातीशी, डोळे भरलेले, एक पाय पुढं यायचा आणि परत जागेवर जायचा.

"बाबा, हात लावा ना!" मी ओरडले. मोहोडांनी ओठांवर बोट ठेवलं. बाबा हलले नाहीत.

शेजारच्या शेतात कापूस वेचणाऱ्या बाया थांबून पाहत होत्या. एकीनं विचारलं, "काहून वं माय, मयत हाये का कोनाची? हे मानसं टोप्या काढून उभे हायेत!"

"मयत नाई वं," दुसरी म्हणाली, "जित्ते हायेत. नुसते पाहून राहिले."

आईला असं हसू फुटलं की दोरी सैल पडली, गाडी मागं सरकली. "हसवू नका वं, गाडी माह्या पोरीवर येईन!" तशा त्या बाया कमरेच्या कापसाच्या ओट्या सोडून धावत आल्या आणि गाडीला भिडल्या. आमची रीत त्यांना कुणी सांगितलीच नव्हती.

वर पोचल्यावर आई त्यांच्यातच बाभळीखाली बसली. एकीनं किटलीतला चहा तिच्यापुढं धरला. तेवढ्यात बाबा आले. "कसं वाटलं तुले?" त्यांनी विचारलं. त्या प्रश्नात किती आशा होती ते मला कळत होतं.

"पाय दुखून राहिले," आई म्हणाली. मग पाय चोळत, "तुमी रडत होते, मी पाह्यलं. खोटं नोतं ते." आणि तिनं चहा घेतला. सगळ्या मंडळींसमोर, सावकाश, फुंकर घालत प्याली. "मेल्यावरचं तुमचं तुमी पाहा. मी इथंच हावो."

बाबांनी मान खाली घातली. त्यांना उत्तर मिळालं होतं, मलाही.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. आमच्या पंथात मेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस बाप्तिस्मा घेऊ शकतं, बाईसाठी बाई. काही महिन्यांनी जेवताना, ताटातून नजर न उचलता, बाबांनी विचारलं, "तू घेशील तिच्या नावानं?"

आता पत्रकं मीही लिहिते, सभा घेते, पण बायकांच्या हक्कांसाठी. जित्या बाईनं दिलेला नकार ती मेल्यावर होकारात बदलू नये, हे मी कुठल्याही सभेत ठणकावून सांगेन. बाबांना मात्र हळूच म्हणाले, "ती नाही म्हणाली होती, बाबा."

"तिकडंही तिले नाही म्हणता येते," ते म्हणाले. "आपण फक्त विचारायचं असते."

तरी मी मान हलवली... नाही. ते उठले, स्वतःचं ताट धुतलं, मग माझंही. पुन्हा कधी विचारलं नाही.

हल्ली संध्याकाळी ते गॅलरीत बसतात, मी शेजारी. बाहेरगावच्या सभा मी आता घेत नाही — एकत्र राहायचं आहे ते इथंच, आणि ते थकले आहेत.