एलियासभाऊंसाठी घेतलेला हातोडा

वरसे गावचा केरू रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात शिरला की दुकानदार कपाळाला हात लावायचा. एका हातोड्यापायी हा बाबा अख्खी सकाळ खायचा. तळहातावर तोलायचा, मनगट हलवून बघायचा, मग दांडा डोळ्यांसमोर धरून लाकडाचे रेषे न्याहाळत बसायचा.

"केरूमामा, हातोडा घेताय का सून बघताय?"

"सून वाकडी निघाली तरी नांदते," केरू म्हणायचा. "दांडा वाकडा निघाला तर कुणाचं तरी टाळकं फुटतं."

लोक हसायचे. रोह्यापासून पेणपर्यंत घर बांधणारा जो तो हातोडा घ्यायला त्यालाच सोबत न्यायचा. केरू स्वतः मात्र कधी हसला नाही.

ही पारख त्याला एलियासभाऊंनी दिलेली. भाऊ रोह्यातले इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, सुतार. शनिवारी काम बंद, बाकी सहा दिवस केरू त्यांच्या हाताखाली. "दांड्याचे रेषे उभे, सरळ हातोड्याच्या डोक्यात गेलेले पायजेत. आडवे दिसले की ठेव खाली, तो दांडा मोडतो. आणि घरकामाला उगाच जड घेऊ नको, हात मोडशील." पोरक्या केरूला भाऊंच्या बायकोने, हन्नावहिनींनी, जेवू घातलं. त्याच्या लग्नात बापाच्या जागी भाऊच उभे राहिले.

त्र्याण्णव साली भाऊ म्हणाले, "पोरं बोलावतात. आम्ही इस्रायलला चाललो." केरूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाप म्हणवून घेतलं आणि असं टाकून चालले! त्याने त्या घरी जाणंच सोडलं. शेवटी भाऊंनीच निरोप धाडला, "तिथं न्यायला एक हातोडा आण. तू निवडलेलाच पायजे."

केरू रागातच अष्टमीला गेला. पहिला हाताला लागला तो उचलला. दांड्याच्या तांबड्या रंगाखाली रेषे आडवे गेलेले त्याला स्पष्ट दिसले. 'तिकडं मिळतील चांगले,' असं मनात म्हणत त्याने तोच बांधून घेतला.

तो पोचला तेव्हा भाऊ आपल्या जुन्या हातोड्याने दाराच्या चौकटीवरची मेझुझा, त्यांच्या प्रार्थनेची छोटी डबी, खिळे उपटून काढत होते. नवा हातोडा त्यांनी पुडक्यासकट ट्रंकेत टाकला.

"बघत नाय?" वहिनींनी विचारलं.

"केरूनं निवडलाय. त्यात काय बघायचं गो?" भाऊंनी आपला जुना हातोडा केरूच्या हातात दिला. "हा तुला. तुझा मी नेतोय."

केरूच्या तोंडाशी शब्द आला होता. टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला आणि तो शब्द तिथेच राहिला.

तीन वर्षांनी भाऊंचा मुलगा एझ्रा घर विकायला आला. भाऊ वारले, हे त्यानेच सांगितलं. केरूने त्या नव्या हातोड्याचं विचारलं.

"त्याचा दांडा पहिल्याच दिवशी मोडला," एझ्रा म्हणाला. "पण बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझाच घाव चुकला असेल. केरूची निवड चुकायची नाय."