चौथा गडी

माझी थोरली बहीण बसडेपोत ब्रेक बसवते. तीस वर्षं झाली. डेपोत तिला ब्रेकवाली म्हणतात, आणि हे नाव तिला कामामुळे कमी, स्वभावामुळे जास्त पडलं आहे. एकदा प्रवासी चढून बसलेले, ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला सुरुवात केलेली, आणि ही गाडीखालून बाहेरच येईना. फोरमन वाकून म्हणाला, "बाई, चालून जाईल तेवढं." खालून आवाज आला, "चालून जाईल हो. थांबायचं काय?" गाडी पाऊण तास उशिरा सुटली. फोरमनने वर तक्रार केली, वरून पत्र आलं, आणि ताईने त्या पत्राला ग्रीसचे हात पुसले. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे तिने जे केलं त्याला लोक हट्ट म्हणतात. खुशाल म्हणोत.

भाऊजी, म्हणजे ताईचा नवरा, रस्ते फोडायच्या कामावर होते. दोन्ही हातांत मोठं ड्रिल धरून डांबर उखडायचं, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, सव्वीस वर्षं. त्या थरथरीने बोटं निकामी झाली. थंडीत ती पांढरीफटक पडतात आणि एरवीही कशाला हात लागला ते त्यांना कळत नाही. शर्टाची बटणं ताई लावते. पत्ते हातातून गळायला लागले तेव्हा दोस्तांनी त्यांना डावातून काढलं नाही. छे, इतके का ते वाईट आहेत? "तू आमचा पंच हो," म्हणाले. पत्त्यांना कुठे पंच लागतो? दोन महिने भाऊजींनी पंचगिरी केली, तिसऱ्या महिन्यात घरीच बसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायला लागले.

भाची नोकरीसाठी परगावी गेली तेव्हा तिचं गेमचं मशीन टीव्हीखाली तसंच राहिलं होतं. ते घड्याळ बघणं असह्य होऊन एका रविवारी दुपारी ताईने रागारागाने ते मशीन लावलं. चौघांनी मिळून खेळायचा गेम होता. पडक्या किल्ल्यात उतरायचं, राक्षसांना बडवायचं, सापडेल ते चिलखत अंगावर चढवायचं, हळूहळू ताकद वाढवत पुढच्या दारापर्यंत जायचं. ताईने कुऱ्हाड घेतली. मी वरच्याच मजल्यावर राहते, तेव्हा मला जिना उतरून यायचा हुकूम झाला. मी धनुष्य घेतलं. भाऊजींनी ढाल घेतली, कारण ढालीचं एकच बटण, दाबून धरलं की काम झालं. ते दाबलं गेलं की नाही हे बोटाला समजत नाही, म्हणून ते निम्मा वेळ टीव्हीऐवजी स्वतःच्या अंगठ्याकडे बघत असतात.

राहिला कप्तान. तो कोण, कुठला, आम्हाला ठाऊक नाही. इंटरनेटवर भेटला. टीव्हीतून त्याचा नुसता आवाज यायचा. ताईला काकू म्हणायचा आणि सगळ्यांना हुकूम सोडायचा. गडी मोजायला स्वतःपासून सुरुवात करायचा, त्यामुळे भाऊजींचं नाव पडलं चौथा गडी.

या खेळातला एक कायदा मला फार आवडतो. गडी पडला की लगेच मरत नाही. दुसऱ्या कुणीतरी त्याच्याजवळ जाऊन, बटण दाबून, पाच आकडे होईपर्यंत उभं राहायचं, मग तो उठतो. तेवढ्या वेळात उठवणाऱ्याला वार करता येत नाही, पळताही येत नाही, आणि राक्षस त्याला मनसोक्त झोडपतो. एकट्याच्या खेळात ही सोय नाही. तिथे पडलात की पडलात. इथे आपण जमिनीवर पालथे असतो आणि कुणाची तरी पावलं आपल्याकडे वळताना दिसतात. खरं सांगते, माझी पन्नाशी उलटली, पण माझ्यासाठी इतकं जिवावर उदार होऊन कुणी धावलेलं मला आठवत नाही.

दुसरा कायदा कपटी आहे. जितके गडी जास्त, तितका राक्षस दणकट. म्हणजे एखादा गडी कच्चा असला तर तो असण्यापेक्षा नसलेला बरा.

आमचं घोडं दगडोबापाशी अडलं. हा एक डोंगराएवढा दगडी राक्षस, दार अडवून उभा. सात रविवार आम्ही त्याच्यावर डोकं आपटलं. भाऊजी पहिल्या मिनिटाला पडायचे, ताई त्यांना उठवायला जायची, तीही पडायची, मग मी, शेवटी कप्तान. सातव्या रविवारी कप्तान अगदी गोड आवाजात म्हणाला, "काकू, राग मानू नका. चौथा गडी या एका लढाईपुरता बाहेर बसला तर दगडोबा बराच हलका होईल. आपण तिघं सहज मारू. मग त्यांना परत घेऊ."

भाऊजी लगेच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. मी बघत बसतो."

आणि मी काय म्हणाले? "एकाच लढाईचा तर प्रश्न आहे, ताई." पंचाची सगळी कथा माहीत असून म्हणाले. आजही आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

ताईने कंट्रोलर मांडीवर ठेवला. "आज एका लढाईपुरते बाहेर. पुढच्या दाराशी पुन्हा एका लढाईपुरते. मला नको शिकवूस रे. हे खेळायला बसलेत. बघायला आमच्याकडे घड्याळ आहे."

"मग जिंकणार कसं, काकू?"

"नाही जिंकणार. तुला घाई असेल तर वाट मोकळी आहे."

कप्तान गेला. दोन दिवसांनी मीही त्याच्या मागून गेले, वर माझ्या मुलाच्या मशीनवरून, ताईला न सांगता. कप्तानाने एक नवा, तरबेज गडी आणला होता. वीस मिनिटांत दगडोबा आडवा. मी आनंदाने ओरडणार तोवर कप्तान म्हणाला, "चला, पुढे." पुढच्याच दालनात मी पडले. दोघंही माझ्यावरून उडी मारून गेले. त्यांचं गणित चुकलं नव्हतं. मला उठवण्यात पाच आकडे फुकट गेले असते.

रविवारी मी तोंड पाडून खाली आले. ताईने वळूनही पाहिलं नाही. "आलीस? धनुष्य कुणी घेतलेलं नाही," एवढंच म्हणाली. मग आम्ही तिघं रविवारमागून रविवार मार खात राहिलो. शेजारीण म्हणाली, या वयात हे काय पोरखेळ? ताईने तिला विचारलं, कोणत्या वयात करायचे ते सांग, तेव्हा करू.

मागच्या रविवारी दगडोबाचा जीव नखाएवढा उरला. मी कोपऱ्यात आधीच पडले होते. मग ताई पडली. उभे एकटे भाऊजी, ढालीआड. ढालीचा एक धक्का दिला असता तरी दगडोबा संपला असता.

"मारा," ताई म्हणाली. "अहो, मला सोडा, त्याला मारा."

भाऊजींनी दगडोबाकडे पाठ फिरवली आणि ताईकडे चालायला लागले. अंगावर सगळं चिलखत, त्यामुळे चाल संथ.

"अहो, काय करताय? एकच धक्का. जिंकतोय आपण."

"पडलेल्या माणसाने गप्प पडावं," भाऊजी म्हणाले. अंगठ्याकडे बघत त्यांनी बटण दाबलं आणि मोठ्याने मोजायला लागले. एक. दगडोबाचा हात त्यांच्या पाठीवर आला. दोन. तीन. पुन्हा आला. चारला भाऊजी कोसळले आणि खेळ संपला.

ताई उसळून उभी राहिली. "नखाएवढा राहिला होता. तुमच्या हातात होतं."

"होतं ना. म्हणूनच आलो," भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. "एवढे दिवस तू मला उठवतेस. मी एकदा तुला उठवायला निघालो, तर तुला जिंकायची घाई? लाव परत."

ताईने खाली बसून परत लावलं. भाऊजी अंगठा बटणावर ठेवून तयारच होते.