गाडीचं माहेर

कुंडलचे आमचे शेजारी उसाच्या ट्रकचं काम अंगणातच करतात. कंपनीतून गाडीबरोबर आलेल्या सामानाला ते ‘माहेरचं’ म्हणतात आणि बाजारातून आणून बसवलेल्याला ‘सासरचं’. परवा त्यांनी चासीची गंजलेली आडवी पट्टी काढून मिरजेहून आणलेली बसवली.

मी भीतभीतच विचारलं, “टिकंल न्हवं?”

नट आवळता आवळता म्हणाले, “सासरचं लय चिवट असतंय, गड्या.”

तरी असं काम केलं की पहिल्या फेरीला ते लोकांचा ऊस भरत नाहीत. आधी आपलं माणूस बसवायचं, हा त्यांचा नियम. म्हणून बायकोला शेजारी बसवून वाईला, तिच्या माहेरी जाऊन येतात.

काल परतल्यावर वहिनी केबिनमधून खुशीत उतरल्या आणि हळूच मला म्हणाल्या, “मागची पट्टी बी गंजलीया. तुमीच सांगा त्यास्नी.”