दोन कार्डांचा कॅमेरा

नव्या कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं बसतात. दुकानात मी एक वेगवान कार्ड निवडलं आणि दुसरं आपलं साधंच उचललं. शेजारी लग्नाचे फोटो काढणाऱ्या एक बाई उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही सारखीच घ्या. प्रत्येक फोटो दोन्हींवर उतरू द्या."

"एवढी काळजी लागते?"

त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसायचं. एका लग्नात पाठवणीचे फोटो असलेलं कार्डच बिघडलं, काही केल्या उघडेना. महिन्याभरात नवरीचे वडील अचानक गेले. बोलणी खायची तयारी ठेवून बाई तिला भेटायला गेल्या.

"ती रागावली नाही हो. म्हणाली, 'ताई, तुम्ही समोर होतात. बाबा कसे दिसत होते, ते सांगा. रडताना मला काहीच दिसलं नाही.'"

"मग?"

"सांगितलं. फेट्याचं टोक डोळ्यांना लावत होते आणि मी कॅमेरा रोखला की हसत होते. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, मी पुन्हा पुन्हा सांगितलं."

मी दोन्ही कार्डं सारखी घेतली. वाटेत वाटत राहिलं, आपल्या आयुष्यातलं किती काही आपल्याऐवजी दुसऱ्याच कुणीतरी नीट पाहिलेलं असतं.

घरी बाबा पेपर वाचत बसले होते. मी कॅमेरा डोळ्याला लावला, मग खाली घेतला आणि आधी त्यांच्याकडे नुसतं पाहत राहिलो.

"काय रे?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," म्हटलं. "वाचा तुम्ही."