भिंतीपलीकडची रासबेरी

सत्यशीला आगाशे आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. वय अडुसष्ट. टेलिफोन खात्यात अडतीस वर्षं नोकरी केली, त्यातली सुरुवातीची बरीचशी ट्रंक कॉल जोडण्यात गेली. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं एकदा कुणीतरी विचारलं, तेव्हा "लाइन लागली नाही," एवढंच म्हणाल्या आणि कढीपत्ता तोडायला मागच्या दाराने बाहेर गेल्या.

त्या मागच्या दाराबाहेर इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये सात-आठ फुटी मातीचा पट्टा आहे. कागदोपत्री तो सोसायटीचा, पण तिथे कुदळ चालते ती फक्त सत्यशीलाबाईंची. मी त्यांच्या बरोबर वर राहते. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो पट्टा सबंध दिसतो, त्यामुळे पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं मी पोळ्या लाटता लाटता पाहिलेलं आहे.

चार वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्या खात्यातल्या मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला गेल्या. रस्त्याच्या कडेला मैना नावाची एक शेतकरीण आपल्याच मळ्यातली रासबेरी पानांच्या द्रोणात घालून विकत बसली होती. बाईंनी एक द्रोण खाल्ला, मग दुसरा. बहिणीसाठी म्हणून दोन डबे बांधून घेतले. पसरणीचा घाट उतरून वाईत चहाला थांबल्या आणि डबा उघडून पाहिला, तर आत जांभळा चिखल झाला होता.

मैत्रिणी हसल्या. सत्यशीलाबाईंनी मात्र डब्याचं झाकण घट्ट लावलं. शिरवळच्या पुढे आल्यावर म्हणाल्या, "जे फळ पुण्यापर्यंत टिकत नाही, ते पुण्यातच लावायला पाहिजे."

आठ दिवसांत एसटीने एकट्याच परत गेल्या आणि मैनाबाईंकडून मुळं फुटलेल्या तीन काठ्या ओल्या पोत्यात गुंडाळून घेऊन आल्या. आमचे सेक्रेटरी गोपाळकृष्ण दामले तेव्हा पाण्याच्या टाकीचं झाकण तपासत उभे होते.

"काय लावताय?"

"रासबेरी."

"पुण्यात? मग थोडा बर्फही मागवून घ्या."

"बर्फ लागत नाही. शेजारी गप्प बसले तरी पुरतं."

दोघांचं बोलणं कायम असंच. दामले सर्व्हे खात्यातून निवृत्त झालेले, सरळ रेघेचे गृहस्थ. सोसायटीत एक कुंडी तिरकी दिसली तरी त्यांना जेवण जात नाही.

बाईंनी काठ्या लावल्या त्या पट्ट्याच्या टोकाला, भरपूर ऊन येतं तिथे. फळझाडाला ऊन पाहिजे, हे त्यांचं साधं गणित. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाना-पानांच्या कडा करपल्या आणि महिनाअखेरीला तिन्ही काठ्या मोडून चुलीत घालण्याजोग्या झाल्या. दामले वरून बघत होते, पण काही बोलले नाहीत. ते जास्त लागलं, असं बाईंनी मला नंतर सांगितलं.

जूनमध्ये त्या पुन्हा महाबळेश्वरला गेल्या. ह्या वेळी मीही बरोबर होते. मैनाबाईंनी आम्हाला बांधावर बसवून चहा पाजला आणि झाड मेल्याची हकिगत अगदी मन लावून ऐकली, घरातलं माणूस आजारी पडल्याचं ऐकावं तशी.

"बाई, उनात का लावली? तिला सकाळचं ऊन द्या. दुपारचं न्हाय सोसत. आन् पानी घाला, पर मुळात साचू देऊ नका. आता पावसात नव्या काठ्या येत्याल, त्यास्नी पुढल्या उन्हाळ्यात फळ येतंय. तवर त्यांच्या वाटंला कुनी जायचं न्हाय."

"आणि फळ धरून झाल्यावर?"

"मग ती काठी संपली. ती तोडायची, नवीला जागा द्यायची."

बाईंनी सगळं पोस्टकार्डाच्या पाठीवर लिहून घेतलं. पुन्हा तीन काठ्या घेऊन घरी आल्यावर माझ्या खिडकीखालची जागा ठरली. तिथे दहा-साडेदहापर्यंत ऊन, नंतर इमारतीची सावली. पाणी तुंबू नये म्हणून त्यांनी माती उंच करून घेतली, पालापाचोळा पसरला. भिंतीला तिथे खाली पावसाचं पाणी पलीकडे जायला एक वीटभर भोक ठेवलेलं आहे. ते मोकळं केलं.

पाऊस लागला तशा काठ्या सुटल्या. अशा सुटल्या की दर आठवड्याला मला खिडकीतून वेगळंच चित्र दिसायचं. माणसापेक्षा उंच जायच्या, मग कमानीसारख्या वाकून जमीन शोधायच्या. जिथे शेंडा मातीला टेकेल तिथे मुळं फुटून नवं झाड. अंगावर बारीक काटे आणि सगळ्या काठीवर पांढरी भुकटी, चुना मारल्यासारखी.

पुढच्या मार्चमध्ये फळं आली. अकरा. आधी हिरवी, मग लाल, मग जवळजवळ काळी. बाईंनी ती बशीत मांडून घरोघरी वाटली, एका घराला एक. अकरावं दामल्यांना दिलं. त्यांनी ते दोन बोटांत धरून उजेडात पाहिलं, तोंडात टाकलं आणि बराच वेळ चघळलं.

"बरं आहे," ते म्हणाले. पुण्यात ह्यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. बाई दिवसभर गुणगुणत होत्या.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात तर रान माजलं. बाईंनी तारा ओढल्या, काठ्या बांधल्या, येत्या उन्हाळ्यात किलोभर तरी फळ निघेल असा अंदाज केला. दिवाळीच्या तोंडावर भाचीच्या लग्नासाठी त्या चार दिवस बहिणीकडे, लोणी काळभोरला गेल्या. मीही त्याच सुमारास माहेरी होते. आणि दामल्यांनी दरवर्षीप्रमाणे दिवाळीची साफसफाई काढली.

बाई परत आल्या तेव्हा मी घरी आले होते. मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज येईना म्हणून मी खिडकीतून डोकावले. पट्टा चकाचक होता. कढीपत्ता होता, गवती चहा होता. रासबेरीच्या जागी सपाट केलेली माती आणि तिच्यावर झाडूच्या सरळ रेघा. सफाईवाल्याने मुळासकट खणून काढलं होतं. बाई हातातली पिशवीसुद्धा खाली न ठेवता उभ्या होत्या.

मी खाली धावले. दामलेही आले. त्यांना वाटलं, बाई कौतुक करायला थांबल्यात.

"वाळलेलं सगळं काढून टाकलं," ते म्हणाले. "काट्यांत डास होतात."

"वाळलेलं?"

"अहो, पांढऱ्या फटक पडल्या होत्या काठ्या."

"दामले, तुमचे केस पांढरे फटक आहेत. तुम्हाला कुणी मुळासकट काढलं का?"

मग त्यांनी सांगितलं. त्या काठ्यांचा रंगच तो असतो, आणि आणखी चार महिन्यांनी त्यांनाच फळ यायचं होतं. आवाज चढवला नाही. आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

दामल्यांची दिवाळी त्या वर्षी गोड झाली नाही. पाडव्याला ते हातात एक कुंडी घेऊन सत्यशीलाबाईंच्या दारात उभे राहिले. कुठल्याशा रोपवाटिकेतून आणली होती, वर पाटीही होती, रासबेरी म्हणून.

बाईंनी पान उलटंपालटं करून पाहिलं. "ही तुती आहे."

"त्याने रासबेरी सांगितलं."

"त्याने सांगितलं असेल. तुतीला माहीत नाही ना."

दामल्यांचा चेहरा इतका उतरला की बाईंनी कुंडी ठेवून घेतली. तुती लावलीही, पट्ट्याच्या उन्हाच्या टोकाला. मी म्हटलं, मैनाबाईंकडे जाऊ या परत. त्या म्हणाल्या, "एकदा जाळलं, एकदा उपटलं. तिसऱ्यांदा कुठल्या तोंडाने मागू?" त्या हिवाळ्यात त्यांनी मागचं दार फक्त कढीपत्त्यापुरतं उघडलं.

मार्च लागला. एका सकाळी मी आणि सत्यशीलाबाई त्यांच्या दाराच्या पायरीशी बोलत उभ्या असताना आप्पासाहेब आमच्या फाटकातून आत आले. आप्पासाहेब म्हणजे भिंतीपलीकडच्या बंगलीचे मालक. मूळचे कोथरूडचे. आमच्या इमारती उभ्या आहेत तिथे त्यांच्या वडिलांची ज्वारी व्हायची. शेजार तीस वर्षांचा, पण जाणं-येणं मानेच्या होकारापुरतंच. त्यांच्या हातात स्टीलचं पातेलं होतं, वर पंचा झाकलेला.

"ताई, तुमी झाडाझुडपातल्या, म्हनून आलो. हे काय हाय, वळखता का?"

पंचा बाजूला केला. पातेलं निम्मं भरलेलं, काळ्या-जांभळ्या रासबेरींनी. बाई पायरीवर बसल्याच.

"हे कुठलं?"

"आमच्यातच हाय की, भिंतीकडंला. दोन वर्सामागं त्या पान्याच्या भोकातनं एक वेल आल्यागत काठी आली. काटं बघून म्हनलं, ऱ्हाऊ दे, मोकाट कुत्री तरी यायची न्हाईत. गाईचं शेन तिकडंच पडतंय, त्यावर माजली. आता हे लागलंय. बुलबुल खात्यात, म्हंजी इखारी नसंल. पर आमची मंडळी हात लावू देत न्हाय."

सत्यशीलाबाईंनी एक उचललं आणि तोंडात टाकलं. डोळे मिटले. मी पातेल्याकडे आशेने बघत उभी होते, माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

"आप्पासाहेब," त्या म्हणाल्या, "ही माझी रासबेरी आहे."

"मग न्या की. भांडं तेवढं परत द्या."

आम्ही तिघं लगेच पलीकडे गेलो. बंगलीच्या मागे, गोठ्याच्या आडोशाला, भिंतीलगत दहा-बारा हात लांब जाळी झाली होती. सकाळचं ऊन तिच्यावर तिरकं पडलेलं, दुपारी गोठ्याची सावली. शेणाचं खत, आणि कुणाचं लक्षही नाही. जे जे करायला बाईंनी दोन वर्षं जिवाचा आटापिटा केला, ते सगळं तिथे आपसूक जुळून आलं होतं. झुबक्याझुबक्यांनी फळ लटकत होतं. बाई वाकल्या, एक पान उलटून पाहिलं, खालून पांढरं होतं. मग त्यांनी झाडालाच हात जोडले.

तेवढ्यात भिंतीवर दामल्यांचं डोकं उगवलं. स्टुलावर चढले होते. "काय चाललंय?"

"या," बाई म्हणाल्या. "पण हात मागे बांधून या."

दामले आले, बघितलं आणि जाळीची लांबी पावलांनी मोजली. शेवटी म्हणाले, "माझ्याकडे मच्छरदाणी आहे. जुनी. बुलबुलांसाठी उपयोगी पडेल." दहा मिनिटांत ती घेऊन आले आणि आप्पासाहेबांच्या मदतीने जाळीवर ताणून बसवली. चारही कोपरे काटकोनात.

त्या उन्हाळ्यात दोन किलोच्या वर फळ निघालं. आमच्या सोसायटीत वाटलं, आप्पासाहेबांच्या भावकीत वाटलं. दुसऱ्या मजल्यावरच्या ओवीने घाईत लाल खाल्लं आणि तोंड वाकडं करत "फसवलंत!" म्हणून ओरडली. काळं खाल्ल्यावर मात्र ती रोज शाळेच्या आधी खाली हजर. पाऊस पडल्यावर बाईंनी दोन लांब काठ्यांचे शेंडे त्याच भोकातून हलक्या हाताने अलीकडे ओढून आमच्या मातीत पुरले. दोन्ही लागले. दामल्यांनी तिथे चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली आणि सफाईवाल्याला स्वतः हाताला धरून दाखवलं, इथे यायचं नाही.

आता भिंतीच्या दोन्ही बाजूंना रासबेरी आहे. आप्पासाहेबांची जास्त गोड, असं आप्पासाहेब म्हणतात. दामल्यांना ते पटत नाही, त्यामुळे सकाळी भिंतीच्या अल्याड-पल्याड दोघांचा बराच वेळ छान जातो.

मागच्या आठवड्यात मी पलीकडे गेले होते. आप्पासाहेबांच्या पत्नी, सरुबाई, ज्या आधी कुणाला त्या फळांना हात लावू देत नव्हत्या, त्या पदर खोचून जाळीपाशी उभ्या होत्या आणि सत्यशीलाबाई त्यांना पिकलेलं फळ ओळखायला शिकवत होत्या.

"रंगावर जाऊ नका, सरुबाई. खाली तळहात धरा, फळाला नुसता अंगठा लावा. पिकलं असेल तर टोपीसारखं सुटून येईल. ओढावं लागलं तर समजायचं, अजून एक दिवस."

सरुबाईंनी अंगठा लावला. फळ सुटलं, हातात पडलं, झाडावर त्याचा पांढरा दांडा तेवढा राहिला. त्यांनी ते आधी सत्यशीलाबाईंपुढे धरलं.

"तुम्ही खा," बाई म्हणाल्या. "मी सकाळपासून चोवीस खाल्लीत."