जत्रेचं फंक्शन

गोकुळदास सर पहिल्यांदा अकरावीच्या वर्गावर उभे राहिले, तेव्हा त्यांनी आल्या आल्याच विचारलं होतं, "फंक्शन म्हणजे काय?" मागच्या बाकावरचा एक धिप्पाड मुलगा उठला आणि मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाला, "सर, फंक्शन म्हणजे स्टेज, माइक आणि उशिरा येणारा प्रमुख पाहुणा."

वर्ग खो खो हसला. दुसऱ्या मास्तरांनी त्याला कान धरून बाहेर उभं केलं असतं. सर म्हणाले, "वा! आणि आपल्या गावचं सगळ्यांत मोठं फंक्शन कुठलं?"

"जत्रा!" सगळा वर्ग ओरडला.

"मग काढा जत्रा फळ्यावर."

ही पोरं चौथीपर्यंत मराठी शाळेत वाढलेली. पाचवीत इंग्रजी त्यांच्या डोक्यावर नारळ पडावा तसं पडलेलं. 'एव्हरी एलिमेंट ऑफ द डोमेन' असं वाचून दाखवलं की अर्ध्या वर्गाचे डोळे खिडकीतून मांडवीवर जायचे. आमोण्याहून दोन वळणं पुढचं हे गाव, खिडकीतून नदी दिसायची, त्यामुळे डोळ्यांना जायला जागाही होती. पण जत्रा म्हटल्यावर सगळे पुढे सरसावून बसले.

सरांनी दोन गोल काढले. डाव्या गोलात गावातली घरं. उजव्या गोलात जत्रेचे मान: पालखी, छत्र, चवरी, निशाण, अब्दागिरी, दिवटी. ज्या घराचा जो मान, तिथपर्यंत त्या घराकडून बाण. "डावीकडचे सगळे ते डोमेन. उजवीकडे जे जे ठेवलंय ते कोडोमेन. आणि त्यातल्या ज्यांच्यापर्यंत बाण पोचला, ती रेंज."

"सर, आमच्या वाड्यावर रेंजच नाही," पुढे मोबाइल आल्यावर दर वर्षी कुणीतरी म्हणायचंच.

"मोबाइलची नसेल. तुझ्या घराची चवरी आहे ना? ती रेंजमध्ये आहे. तू डोमेनमध्ये. बस खाली."

हा धडा म्हणजे शाळेचं भूषण होऊन बसला. पालखीला चार घरं खांदा देतात, म्हणजे चार बाण एकाच ठिकाणी आले तरी बिघडत नाही. पण एका घरातून दोन बाण निघाले की बिघडलंच. एका वर्षी एका काकांनी छत्रही आपलंच आणि निशाणही आपलंच असा दावा केला होता, आणि निशाणाच्या काठीनंच एकाचं डोकं फुटलं होतं. सर सांगायचे, "एका घराला दोन मान झाले की ते फंक्शन राहत नाही, पंचायत होते." त्या काकांचा नातू वर्गात असला तर तोच सगळ्यांत मोठ्यानं हसायचा.

मग दिवटीचा मानकरी बाबली गेला. मूल ना बाळ, घराला कुलूप. तेव्हापासून जत्रेत दिवटी पेटवून सभामंडपाच्या खांबाला बांधून ठेवू लागले. बाबली गेल्याचं सरांना वाईट वाटलंच. दोघं एकत्र गळ टाकायला बसायचे. पण मास्तर शेवटी गणिताचा. उजव्या गोलात आहे, पण बाण कुणाचा येत नाही, असं एक उदाहरण त्यांना हवंच होतं. कोडोमेन आणि रेंज यांतला फरक सांगायला बाबलीची दिवटी फार उपयोगी पडली.

डाव्या गोलात आजवर मानकऱ्यांचीच घरं लिहिली जायची. का, ते कुणी विचारलं नव्हतं. सरांनीही नाही.

या वर्षी तनया फळ्यापाशी गेली.

तनया ही पांडुरंगाची मुलगी. पांडुरंग दोडामार्गापलीकडचा, म्हणजे गोव्याबाहेरचा, खनिजाचे ट्रक धावायचे त्या दिवसांत ड्रायव्हर म्हणून आलेला. खाणी बंद पडल्यावर त्याच्यासोबतचे सगळे परतले, हा राहिला. टेंपो घेतला, देवळाच्या वाटेवर घर बांधलं. जत्रेचा जनरेटर, मांडवाचे वासे, खुर्च्या, नारळांची पोती, सगळं त्याच्या टेंपोतून यायचं आणि भाडं तो घ्यायचा नाही. त्याची बायको देवळातल्या समया घासायची. "पांडुरंग म्हणजे गावचोच," असं सगळे म्हणायचे; विशेषतः वासे उतरवायच्या वेळी.

"गावातली घरं लिही," सर म्हणाले.

तनयानं लिहिली. सगळी लिहिली. मानकऱ्यांची आणि बाकीच्यांची, आणि शेवटी सुवाच्य अक्षरात 'पांडुरंग टेंपोवाले'. मग बाण काढले. काढून झाल्यावर ती मागे सरकली आणि फळ्याकडे बघत म्हणाली, "सर, हे फंक्शन नाही."

"का बरं?"

"डोमेनमधल्या प्रत्येकाला एक बाण पाहिजे. आमच्या घराला नाही. आणखी पण कुणाकुणाला नाही."

मानकऱ्यांची पोरं एकमेकांकडे बघू लागली. सरांना वर्गाचं भानच नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी व्याख्या अशी लख्ख धरली होती. "मग दुरुस्त कसं करशील?"

"सगळ्यांचं नाही करता येणार, सर. एकाचं येईल." तिनं खडू उचलला आणि आपल्या घरापासून दिवटीपर्यंत एक लांब सरळ बाण ओढला.

"शाबास!" सरांनी टाळी वाजवली. पाठोपाठ पोरांनीही. कुणीतरी फळ्याचा फोटो काढला, आणि शाळा सुटायच्या आत तो गावच्या ग्रुपवर फिरला.

संध्याकाळी पांडुरंग सरांच्या दारात उभा. चपला पायरीच्या खाली काढलेल्या.

"मास्तरांनु, चेडवान कायतरी लिवल्यान म्हणतत. लहान असा. चुकला तर पुसून टाका."

"चुकलं नाही रे. बरोबर लिहिलंय."

पांडुरंग जायला वळला, पण गेला नाही. अंगणातल्या तुळशीकडे बघत म्हणाला, "ती दिवटी खांबाकच बांधतत मा?"

"हो."

"खांबापेक्षा माझो हात बरो नाय काय?" आणि स्वतःच ओशाळून हसला. "एकदाच, मास्तरांनु. चेडवाच्या देखत. फुडल्या वर्साक परत खांबाक बांधा."

"मी बोलतो," सर म्हणाले. "देवस्थान समितीचा अध्यक्ष अमोल माझाच विद्यार्थी. गणितात पहिला यायचा."

आतून त्यांच्या पत्नी पद्मावतीबाई म्हणाल्या, "बोला हो, जरूर बोला. पण आधी आपली अब्दागिरी कुठे ठेवलीय ते बघून या."

सरांच्या घराकडे अब्दागिरीचा मान. पिंपळाच्या पानासारखी, तांबड्या मखमलीची, जरीकाठाची ती सावली पालखीच्या शेजारी धरून चालायचं. आधी वडील चालायचे, मग सर. पुढे मुलानं, रुद्रेशनं चालायचं, पण तो बहारीनला, जत्रेच्या वेळी त्याला रजा मिळत नाही.

देवळाच्या अग्रशाळेत, जिथे एरवी यात्रेकरू उतरतात, समितीची बैठक बसली. अमोलनं स्वतः उठून सरांना खुर्ची दिली, चहा दिला, पायांना हात लावला.

"फोटो पाहिला, सर. बाण मात्र सुरेख ओढलाय हां तिनं. तुमचा हात दिसतो."

"मग तो खरा करा. दिवटी खांबाला बांधलेली, पांडुरंगाचे हात रिकामे. एका बाणाचं काम आहे."

"सर, एक विचारू? वन अपॉन एक्स. एक्सच्या जागी शून्य आलं तर काय करायचं?"

"डोमेनमधून वगळायचं."

"मग शून्याचा अपमान झाला?"

"नाही, पण—"

"बघा! पांडुरंगाचाही होत नाही. तुम्हीच शिकवलंत मरे, डोमेन आधी ठरतं, बाण मागाहून. आणि डोमेन ठरवतो कोण? फंक्शन लिहिणारा."

सदस्य हसले. त्यांतल्या निम्म्यांना काही कळलं नव्हतं, पण मास्तर अडकला एवढं कळलं होतं.

सर काही कच्चे नव्हते. "शून्याला वगळतात, कारण तिथे उत्तर निघत नाही," ते म्हणाले. "इथे उत्तर निघालंय. ते तुम्ही खांबाला बांधून ठेवलंय."

एक म्हातारे सदस्य खाकरले आणि म्हणाले, "मान रक्ताचो, मास्तर. टेंपोचो न्हय."

अमोलनं त्यांना हातानं थांबवलं. तो विचारात पडल्यासारखा दिसला. सरांना वाटलं, पोरगा हुशार, त्याला पटतंय.

"बरं, सर. मानलं," अमोल म्हणाला. "पण बाबलीचा मान आम्ही कसा द्यायचा? तो विचारायला नाही. तुमचा तुम्ही देऊ शकता. रुद्रेश काही येत नाही. तुमच्यामागे तो बाण कुठे जायचा? अब्दागिरी पांडुरंगाला द्या. तुम्ही 'दिली' म्हणा, आम्ही आत्ता 'मान्य' म्हणतो."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

शब्द एकच होता. पण त्या शब्दाच्या आड वडील उभे राहिले, घामानं निथळणारे, मखमल किंचित तिरकी झाली तर डोळे वटारणारे. पालखी दाराशी आली की 'अब्दागिरी कुणाची?' असं विचारणारे पाहुणे उभे राहिले, आणि 'गोकुळदास मास्तरांची' असं उत्तर देणारं गाव.

"घरी विचारून सांगतो," ते म्हणाले.

या वेळी कुणी हसलं नाही. अमोलनं मान हलवली आणि त्यांचा कप पुन्हा भरला. त्यानंतर बैठक भराभर आटोपली. दिवटीवरून उगाच चर्चा नको, तशीही मंडपात हॅलोजनचे दिवे असतातच, तेव्हा यंदापासून दिवटी बंद, असं ठरलं. निघताना अमोल सरांना पायरीपर्यंत सोडायला आला. "आता कोडोमेनमध्ये रिकामं काहीच नाही, सर," तो म्हणाला. "फंक्शन ऑन्टू झालं." थट्टा नव्हती त्याच्या आवाजात. धडा पाठ म्हणून दाखवल्यासारखाच बोलला तो.

वाटेवर टेंपोला टेकून पांडुरंग थांबला होता. त्यानं घरून निघताना धुतलेला सदरा घातला होता.

"दिवटीच बंद केली," सर म्हणाले. अब्दागिरीचं त्यांनी सांगितलं नाही.

पांडुरंग टेंपोपासून सरळ झाला. "म्हणजे माका नको, म्हणान कोणाकच नको?"

सर टेंपोच्या चाकाकडे बघू लागले.

"बरा. जनरेटर कधी आणूचो ता इचारल्यात?"

घरी पद्मावतीबाईंना सगळं आधीच कळलेलं. गावात बातमीला टेंपो लागत नाही. त्या पाट मांडून बसल्या होत्या. "मला विचारणार होता म्हणे. विचारा ना," त्या म्हणाल्या. "मी 'द्या' म्हणणार आहे."

सरांनी हात धुतले, पानावर बसले, वरणात मीठ कमी आहे म्हणाले. विचारलं नाही. पद्मावतीबाईंनी मिठाचं भांडं त्यांच्या पुढ्यात आणून आदळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर ते गोल तसेच होते. खाली सरांच्याच अक्षरात लिहिलेलं, 'पुसू नये'. सर फळ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, "आज पुस्तकातलं उदाहरण घेऊ."

"सर, हे अर्धं राहिलंय," तनया म्हणाली आणि विचारायची वाट न बघता उठली. फडकं तिनं घेतलं नाही. आधी दिवटी पुसली, तळहातानं. मग तो लांब बाण पुसला, उजवीकडून डावीकडे. मग ज्यांना बाण नव्हते ती घरं एकेक करून पुसली, आणि सगळ्यांत शेवटी आपलं. तिथे खडू जास्त दाबून लिहिलेला होता, म्हणून दोनदा घासावं लागलं.

"आता झालं ना सर फंक्शन?"

सर वळले. डाव्या गोलातलं एकेक घर त्यांनी बघितलं, प्रत्येकाचा बाण बोटानं हवेत पुढे नेला. प्रत्येकाला एकच बाण होता. उजवीकडे काही रिकामं नव्हतं. कुठेतरी चूक निघावी म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. त्यांच्या स्वतःच्या घराचा बाण अब्दागिरीपर्यंत अगदी सरळ गेला होता.

वर्ग वाट बघत होता. तनया हाताला लागलेली खडूची भुकटी न झटकता उभी होती.

"बरोबर," सर म्हणाले.