आक्कांनी न पाहिलेली पेनल्टी

आक्कांनी आयुष्यात एकही फुटबॉलची मॅच पाहिली नव्हती, पण गच्चीवर शेवया वाळत घालता घालता त्या गोल कोणाचा झाला ते सांगत. स्टेडियम आमच्या घरापासून फार लांब नव्हतं आणि तिथला आवाज छपरांवरून थेट आमच्या गच्चीवर येई. मला तो सगळा एकच गलका वाटे. आक्का मात्र हातातलं काम न थांबवता म्हणत, "कॉर्नर मिळाला तिकडच्यास्नी," किंवा, "आपला गोल हुकला बघ, बारला लागला." संध्याकाळी पुरुष माणसं घरी आली की मी एकेक गोष्ट पडताळून बघत असे. चूक क्वचितच निघे.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई, तुमच्या बाबांची आजी. सगळी पेठ त्यांना आक्काच म्हणायची. मी नेसरीच्या मुख्याध्यापकांची मुलगी. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, वह्यांना कव्हरं घालणारी, चूक दिसली की तिथे लाल रेघ ओढणारी. फुटबॉल मला फक्त पुस्तकातल्या चित्रात ठाऊक होता. लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा दुसऱ्याच दिवशी आक्कांनी मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, "हे बघ, मीठ किती घालायचं ते हळूहळू कळंल. पर आपली तालीम वरची, एवढं आज ध्येनात ठेव."

तालीम म्हणजे मूळची कुस्तीची जागा. आत तांबड्या मातीचा हौदा, कोनाड्यात मारुती, आणि मोहरमात त्याच छपराखाली पंजा बसतो. पंजा म्हणजे पिराचं हाताच्या आकाराचं चांदीचं निशाण. त्याची सेवा करणारे आमच्याकडे बहुतेक हिंदूच होते, आणि मारुतीला तेल घालणाऱ्यांत एक मुसलमान पैलवानही होते. याच तालमीची फुटबॉल टीम. म्हणजे घर कुठल्या पेठेत, आजोबा कुठल्या हौद्यात उतरले, आणि नवस कुठल्या कोनाड्यापुढे बोलायचा, यावर तुमची टीम ठरलेली. तालमींची खरी नावं मी लिहीत नाही. दोन्हीकडची माणसं आजही मला भाजीच्या गाड्यापाशी भेटतात. आमची ती वरची तालीम. माझे सासरे, मामंजी, गुळाचे अडते होते आणि या तालमीचे कारभारी होते. आणि जिच्याशी आमचं पिढ्यान् पिढ्यांचं हाडवैर, ती तळ्याकडची तालीम.

आक्कांचं माहेर तळ्याकडचं होतं.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटं. लग्नात आक्कांचं नाव बदललं, आडनाव बदललं आणि टीमही बदलली. त्यांच्या सासूनं उंबरठ्यावरचं माप ओलांडून होताच बजावलं होतं म्हणे की आता तळ्याकडं बघायचं नाही. आक्कांनी ते पाळलं. माहेरच्या तालमीचं नाव त्या कधी घेत नसत, नुसतं "तिकडची" म्हणत. मॅचच्या सकाळी वरच्या तालमीच्या मारुतीपुढे नारळ त्याच वाढवत. पण मोहरम आला की कासारणीच्या हाती तळ्याकडच्या पंजाला पुडीतून साखर जाई. मी एकदा विचारलं, "आक्का, हे मामंजींना चालतं?" त्या म्हणाल्या, "पिराला कुठं टीम असती ग?"

टीम म्हणजे काय, हे त्यांनी मला एकदाच समजावलं. आपण लिंगायत. मूल जन्मलं की त्याला लिंग बांधतात, ते तुम्हाला ठाऊक आहे. आक्का म्हणाल्या, "टीम कोण निवडत न्हाई, यव्वा. लिंगावानी जलमताना गळ्यात पडती. पुरुषास्नी एकदा. आपल्यास्नी दोनदा."

त्यांचा धाकटा भाऊ शिवाप्पा. त्यांच्याहून सोळा वर्षांनी लहान. आई लवकर गेली, म्हणून आक्कांनीच लग्न होईपर्यंत त्याला कडेवर वागवलेला. हा शिवूमामा तळ्याकडचा गोलकीपर होता. भाऊबीजेला तो आला की मामंजी दारातच ओरडत, "या पावणं, किती गोल खाल्लं यंदा?" तो म्हणे, "तुमच्या पोरांनी पायात जीव आणला तर खाऊ की." आक्का पाटाभोवती रांगोळी काढत हसू दाबत असत. असं सगळं ठीक चाललं होतं. मग ती फायनल आली.

वरची विरुद्ध तळ्याकडची. तुमचे बाबा तेव्हा दोन वर्षांचे होते. मी त्यांना घेऊन गच्चीवर बसले होते आणि आक्का शेवया हलवत होत्या. मॅच संपत आली तरी गोल नव्हता. एकदम स्टेडियमवरून एक मोठा आवाज आला आणि तुटल्यासारखा थांबला. आक्कांचा हात शेवयांतच राहिला.

"पेनल्टी," त्या म्हणाल्या.

"कोणाला?"

"आपल्याला." मग जरा कान देऊन म्हणाल्या, "खोटी असती तर तिकडच्यांनी रेफ्रीला जित्ता सोडला नसता. ती गप बसल्यात बघ. खरी हाय." त्यांचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. आणि मला ऐकू जाणार नाही अशा बेताने, पण मला ऐकू आलंच, त्या पुटपुटल्या, "आडीव रं, सोन्या."

सोन्याला अडवता आलं नाही. वरच्या तालमीचा जल्लोष छपरांवरून आला तेव्हा आक्का उठल्या, पदराला हात पुसले आणि खाली गेल्या. तालीम फायनल जिंकली की कारभाऱ्याच्या बायकोनं दारात उभं राहून साखर वाटायची, अशी पेठेची रीत होती. मी म्हटलं, "आक्का, आज मी वाटते." त्या म्हणाल्या, "कारभारीण मी हाय." परात घेऊन उभ्या राहिल्या आणि जो येईल त्याच्या हातावर चिमूट ठेवत गेल्या. गुलालाने माखलेली पोरं नाचत होती, आक्कांचा चेहरा कोणी पाहत नव्हतं.

तळ्याकडे मात्र तासाभरात ठरून गेलं होतं की ती पेनल्टी नव्हतीच. शिवूमामा पुढे झेपावला, त्याचा हात आधी बॉलला लागला, आमचा खेळाडू मग त्याच्यावर पडला, असं त्यांचं म्हणणं. आमचं म्हणणं अर्थात उलटं. दुसऱ्या दिवशी कासारीण निरोप घेऊन आली. बिचारीला सांगवेना. "शिवाप्पा म्हनत्यात, रेफ्रीनं चोरून गोल दिला ते दिला, पर माज्या भैनीनं त्याची साखर वाटली. आता तिनं मला ओवाळायची गरज न्हाय." आक्का फक्त म्हणाल्या, "बांगड्या दाव." आणि दोन डझन घेतल्या, लागत नसताना.

त्या दिवाळीला शिवूमामा आला नाही. पाट मांडलेला, निरांजन भरलेलं, करंज्यांचं ताट झाकलेलं. शेजारीण म्हणाली, "आक्का, भाऊ नसला की चंद्राला ओवाळत्यात, तसं करा." आक्का तिच्यावर कडाडल्या, "का? मेलाय व्हय माझा भाऊ? धा मिनटावर जित्ता हाय!" ते ताट तसंच झाकून सकाळपर्यंत राहिलं. पुढच्या वर्षीही तेच. अशा सात भाऊबिजा गेल्या. मधल्या काळात शिवूमामाचं लग्न झालं, मुलगा झाला. बारशाचं बोलावणं मामंजींच्या नावाने आलं, आक्कांच्या नावाने नाही. त्या गेल्या नाहीत. बारशासाठी शिवलेली कुंची ट्रंकेत राहिली.

आठव्या वर्षी मोहरम गणपतीतच आला. तालमीत एकाच मांडवात गणपती आणि पंजा बसलेले. मोहरमात एका तालमीचा पंजा दुसऱ्या तालमीच्या पंजाला भेटायला येतो. या भेटी कितीही वैर असलं तरी चुकत नाहीत. वाटेत घराघरांतल्या बायका पंजा धरणाऱ्याच्या पायांवर पाणी घालतात आणि साखर वाहतात. त्या दिवशी ऊन कलल्यावर ताशे वाजू लागले, आणि आम्ही दारात आलो तर तळ्याकडचा पंजा शिवूमामाच्या हातात.

तो सरळ समोर बघत आला असता आणि तसाच गेला असता. पण पंजा धरलेल्या माणसाला दारातलं पाणी टाळता येत नाही. तो पिराचा अपमान होतो. आमच्या दारासमोर त्याला थांबावंच लागलं. आक्का तांब्या घेऊन पायऱ्या उतरल्या. सगळी पेठ बघत होती, मामंजी तालमीच्या माणसांबरोबर रस्त्याच्या पलीकडे उभे होते. आक्कांनी खाली वाकून त्याच्या पावलांवर पाणी घातलं, हाताने बोटं चोळून चोळून धुतली, लहान मुलाची धुवावीत तशी. ताशेवाले थांबले होते. शिवूमामा वरूनच, पंजाकडे बघत म्हणाला,

"आक्का, ती पेनल्टी न्हवती."

सात वर्षांनी तोंडातून निघालेला पहिला शब्द हा. मी आक्कांकडे पाहिलं. गच्चीवर त्या काय म्हणाल्या होत्या ते फक्त मला ठाऊक होतं. आक्का उभ्या राहिल्या आणि रस्त्याच्या पलीकडे ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"न्हवतीच!"

तळ्याकडच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आमची पोरं मामंजींकडे बघू लागली. ताशे पुन्हा वाजू लागले आणि पंजा पुढे गेला. शिवूमामाला डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

घरी आल्यावर मामंजींनी पगडी खुंटीला नीट न लावता कॉटवर फेकली. "कारभाऱ्याच्या बायकोनं भर पेठेत असं म्हनायचं? तू बघितलीस व्हय ग पेनल्टी?"

"न्हाय."

"मग?"

"तुमी दुसऱ्या टोकाला बसलातासा. तुमी तरी कुठं बघितलीसा?"

मामंजी जेवायला बसले नाहीत. ते बाहेर गेल्यावर मी स्वयंपाकघरात आक्कांना धरलं. मला राहवत नव्हतं. "आक्का, गच्चीवर तुम्हीच म्हणालात की पेनल्टी खरी होती."

"खरीच हुती," त्या भाकरी थापत म्हणाल्या.

"मग खोटं का बोललात?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, तिच्यावर पाणी फिरवलं. "कप तालमीत हाय न्हवं? त्यो कोन न्हेतोय? मला माझा भाऊ पायजे हुता." आणि मग माझ्या चेहऱ्याकडे बघून, "लाल रेघ मारायची तर मार की."

दिवाळीच्या तोंडावर मात्र मामंजींनीच कासारणीला दारात थांबवलं. "शिवाप्पाला सांग, भाऊबीजेला ये म्हनावं. पेनल्टी कशी हुती ते जमिनीवर मांडून दावतो." शिवूमामा आला, तो बायको आणि पोरासह. पाटावर बसायच्या आधीच दोघांनी सुपाऱ्या मांडल्या. "ही सुपारी म्हंजे तू," मामंजी म्हणाले. "मी एवढा लांब न्हवतो!" शिवूमामा ओरडला आणि सुपारी पुढे सरकवली. आक्का निरांजन घेऊन उभ्या. "ओवाळून होऊ द्या आधी," त्या म्हणाल्या, "मग भांडा रात्रीपातूर." ओवाळून झाल्यावर त्यांनी ट्रंक उघडली. कुंची पोराला आता होत नव्हती, तरी त्यांनी ती त्याच्या आईच्या ओटीत घातली.

आज तिघंही नाहीत. आक्का सगळ्यांत शेवटी गेल्या. पण सुपाऱ्यांचं भांडण घरात राहिलं. शिवूमामांचा मुलगा आणि तुमचे बाबा दर भाऊबीजेला फोनवर त्याच पेनल्टीवरून वाद घालतात हे तुम्ही तुमच्या घरी ऐकलं असेल. तेव्हा एक दोन वर्षांचा होता आणि दुसरा जन्मलाही नव्हता. पण दोघांनाही बॉल कुठे होता आणि पाय कुठे होता ते अगदी स्वच्छ दिसतं. फार वेळ झाला की दोघे मला मध्ये घेतात. शिवूमामांचा मुलगा म्हणतो, "वहिनी, तुम्ही होता की त्या वेळी! तुम्ही सांगा!" आक्कांचं गच्चीवरचं बोलणं ऐकलेली मी एकटीच उरले आहे आणि मला सगळं ठाऊक आहे. मी दोघांनाही सांगते की मी गच्चीवर होते, तिथून मला काही दिसलं नाही. ते अगदी खरं आहे, आणि त्यावर कोणाला लाल रेघ ओढता येत नाही.